पट्टी दाबल्यानंतर पियानोवादकाच्या हातात काय उरतं?

नागपुरात गाणं ऐकणाऱ्यांची वानवा नाही. सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात थंडीत शाल लपेटून विलंबित ख्याल ऐकणारे, समेवर अचूक मान हलवणारे कानसेन इथे गल्लोगल्ली सापडतात. अशा एखाद्या कानसेनाला पाश्चात्त्य अभिजात पियानो ऐकवला की दहा मिनिटांत ठरलेला शेरा येतो : ‘बोटं तर जबरदस्त पळतात बापा याची, पण हे वाद्य गात काहून नाही?’

शेरा तिरकस असला तरी तक्रार नेमकी आहे. पियानो खरंच गात नाही. त्याला गायला लावण्यातच पियानोवादकाचा जन्म जातो, आणि बोटांचा वेग हा त्यातला एक भाग, तोही सर्वांत अवघड नव्हे. असं का, ते कळायला पियानोच्या पोटात डोकवावं लागतं.

पेटीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्या घरातली. पेटीची पट्टी दाबली की भाता हलतोय तोवर सूर टिकतो. भात्याचा दाब कमीजास्त केला की तोच सूर फुगतो, ओसरतो. गळा आणि सारंगी तर मींड घेऊन एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद जातात. पियानोत यातलं काहीच नाही. पट्टी दाबली की आतला, नमद्यानं मढवलेला छोटा लाकडी हातोडा तारेवर आदळतो आणि लगेच मागे येतो. गंमत म्हणजे तो तारेला लागतो त्या क्षणी त्याचा पट्टीशी संबंध तुटलेला असतो. तारेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच आतली यंत्रणा त्याला सोडून देते आणि उरलेलं अंतर तो मिळालेल्या वेगावर कापतो. कॅरमचा स्ट्रायकर बोटातून सुटला की आपण फक्त बघत बसतो, तसंच हे. त्याला सोडलं नसतं तर तो तारेला चिकटून बसला असता आणि ‘ठक्’ एवढाच आवाज आला असता.

ही सोडण्याची युक्ती इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानं १७०० च्या सुमारास जमवली. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जाई. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात मात्र बोटाच्या जोरानुसार आवाज बदलू लागला. पुढे १८२१ मध्ये सेबास्तियाँ एरारनं त्यात आणखी एक सुधारणा केली : पट्टी पूर्ण वर येण्याची वाट न बघता तोच सूर पुन्हा वाजवता येऊ लागला. एकाच पट्टीवरचे ते विजेसारखे धावते सूर या सोयीमुळेच शक्य झाले.

आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पट्टी खाली जाते जेमतेम एक सेंटिमीटर आणि तिला दाबायला पन्नासेक ग्रॅम वजन पुरतं. हातोड्याला किती वेग द्यायचा याचा निकाल त्या एका सेंटिमीटरात लागतो. त्यानंतर सूर कमी होत जाणार हे ठरलेलं. खर्जाच्या जाड तारा बराच वेळ घुमतात, वरच्या टिपेच्या तारा लगेच विझतात. सतारीसारखी आस पियानोलाही आहे, पण वादकाला ती वाढवता येत नाही. बोट उचलून तोडता तेवढी येते.

आता कल्पना करा, अशा वाद्यावर संथ, लांब सुरांची चाल वाजवायची आहे. प्रत्येक सूर जन्मताच मरायला लागतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र एकसंध ओळ ऐकू यायला हवी. हे कसं साधतात? मागचा सूर विझत विझत ज्या पातळीला आला असेल, त्याच्याशी जुळेल अशा बेतानं पुढचा वाजवायचा. जास्त जोर पडला तर ओळीला ठेच लागते, कमी पडला तर भोक पडतं. म्हणजे बोट पुढच्या सुरावर असताना कान मागच्या सुराच्या शेपटावर हवा. चांगला पियानोवादक आपण वाजवलेलं किती बारकाईनं ऐकतो, हे मला त्याच्या ताना मोजण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दुसरी करामत एकाच हातात वेगवेगळे आवाज काढण्याची. चार सूर एकत्र दाबले तर चारही सारखे वाजणं ही नवशिक्याची खूण. मुरलेला वादक त्या चारांतला एकच पुढे आणतो, बाकीचे मागे ठेवतो. बहुतेक वेळा चाल सर्वांत वर असते, म्हणजे उजव्या हाताच्या करंगळीकडे. नेमकं सर्वांत दुबळं बोट मुख्य गायकाच्या जागी आणि दणकट अंगठा साथीला! संगीतकार शोपँची ओपस १० या संचातली (ओपस म्हणजे संगीतकाराच्या छापील रचनांचा क्रमांक) तिसरी एत्यूद याच अडचणीवर बेतलेली आहे. एत्यूद म्हणजे सरावासाठी लिहिलेली रचना. ही मात्र संथ आहे. चौथं-पाचवं बोट चाल गातं, त्याच हाताची उरलेली बोटं खालून हळू साथ करतात. तिच्या सुरुवातीचे सूर लहान मुलंही बरोबर वाजवू शकतात. ती गाताना ऐकू यायला मात्र वर्षं जातात.

त्या संचातल्या बारा रचना १८३३ मध्ये छापल्या गेल्या तेव्हा शोपँ २३ वर्षांचा होता. पुढे १८३७ मध्ये ओपस २५ च्या आणखी बारा आल्या. आजही जगभरच्या संगीतशाळांत प्रवेश मागणाऱ्याला यातली एखादी वाजवून दाखवावी लागते. प्रत्येक रचनेत एकच अडचण पकडून तिचं संगीत केलंय. पहिलीत उजवा हात पट्ट्यांच्या अख्ख्या ओळीभर पसरत जातो. दुसरीत तिसरं, चौथं, पाचवं ही तीनच बोटं शेजारशेजारच्या काळ्या-पांढऱ्या सुरांवरून पळतात आणि उरलेली दोन त्याच वेळी खालून ठेका धरतात. ओपस २५ च्या सहावीत उजव्या हातानं सतत दोन-दोन सूर जोडीनं धावते ठेवायचे.

या सहाव्या एत्यूदचा एक किस्सा रियाजाच्या लोकांना आवडेल. अब्राम चेसिन्स हा पियानोवादक एकदा रशियन संगीतकार राखमानिनोव्हच्या घरी पोचला. आतून वाजवण्याचा आवाज येत होता, पण इतका संथ की काय वाजतंय ते त्याला बराच वेळ ओळखताच आलं नाही. ही एत्यूद होती, आणि राखमानिनोव्ह म्हणजे त्या काळातला बहुधा सर्वांत सफाईदार हात. आपल्याकडे गुरुजी तान आधी ठाय लयीत घोटवून घेतात, त्यामागचं कारण तिथेही तेच. हात जे शिकतो ते चुकांसकट शिकतो, म्हणून आधी चूक होणारच नाही इतकं हळू वाजवायचं.

वजन हा शब्द पियानो शिकवणाऱ्यांच्या तोंडी सतत असतो. फक्त बोटाच्या स्नायूंनी जोर लावला तर आवाज कोरडा येतो आणि हातही लवकर थकतो. म्हणून खांद्यापासून हात सैल सोडून त्याचं वजन पट्टीवर उतरवायचं, बोटानं ते फक्त पेलायचं. ताठरपणा हा शत्रू. रोबर्ट शुमान तरुणपणी पियानोवादकच व्हायला निघाला होता, पण उजव्या हाताचं बोट निकामी झालं आणि तो संगीतरचनेकडे वळला. बोट मजबूत करायच्या खटाटोपात हे झालं असं सांगितलं जातं. अमेरिकेचा लिओन फ्लायशर कीर्तीच्या शिखरावर असताना १९६० च्या दशकात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली. तीन दशकं तो मुख्यतः डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला, शिकवत राहिला आणि उपचारांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागला. डाव्या हातासाठी एवढं संगीत मुळात आहे कसं, तर पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइन या पियानोवादकानं ते मोठमोठ्या संगीतकारांकडून लिहवून घेतलं. राव्हेलचा डाव्या हाताचा कन्चेर्तो, म्हणजे एका वादकानं ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना, त्यातलाच.

हाताच्या आकाराचा प्रश्न पालक हमखास विचारतात. मोठ्या पंजाचा फायदा होतो, हे खरं. राखमानिनोव्हचा पंजा प्रचंड होता आणि त्याचा तिसरा कन्चेर्तो (१९०९) बघितला की ते कळतं. पण तो ज्या योझेफ हॉफमानला अर्पण केला, त्याचे हात लहान होते. स्टाइनवे कंपनीनं त्याच्यासाठी खास अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते आणि त्यानं हा कन्चेर्तो कधी वाजवला नाही. स्पेनच्या अलिसिया दे लारोचाची उंची मात्र पाच फुटांपेक्षा कमी, हात चिमुकले, आणि तिनं तो वाजवला.

पेडलबद्दल थोडक्यात. उजव्या पायाखालचं पेडल दाबलं की तारांवरचे नमद्याचे दाब एकदम उचलले जातात. वाजवलेले सूर घुमत राहतात आणि न वाजवलेल्या ताराही, आपल्या तरफेच्या तारांप्रमाणे, त्यांच्याबरोबर थरथरतात. सुरांमधली भोकं बुजवायला याच्यासारखं साधन नाही, आणि अति झालं की चिखल. डावीकडचं पेडल ग्रँड पियानोत पट्ट्यांची सगळी ओळच किंचित सरकवतं. हातोडा एका सुराच्या दोन-तीन तारांपैकी एक सोडून देतो आणि आवाज मवाळ होतो.

आता वाजवायचं काय, याकडे येऊ. नागपूरच्या श्रोत्याला इथेच सर्वांत जास्त परकं वाटतं. आपला गायक राग घेऊन बसतो आणि त्या रात्रीपुरता तो नव्यानं मांडतो. पियानोवादकासमोर छापील संहिता असते. सूर, लय, कुठे चढायचं, कुठे उतरायचं, बरंचसं लिहिलेलं. मग त्याच रचनेच्या पन्नास ध्वनिमुद्रिका कशासाठी ऐकायच्या? पियानोवादक ग्लेन गूल्डचं उदाहरण घ्या. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचं त्याचं १९५५ चं ध्वनिमुद्रण सुमारे ३८ मिनिटांचं आहे. १९८१ मध्ये त्यानंच पुन्हा वाजवलं ते सुमारे ५१ मिनिटांचं. त्यातला काही फरक पुनरावृत्ती घेतल्यामुळे पडला, पण पहिलाच भाग लावून बघा : तोच माणूस, तेच सूर, आणि चाल निम्म्याच्या आसपास आलेली. सूर कोणते हे लिहिता येतं. दोन सुरांमध्ये किती थांबायचं, कोणत्या सुराला झुकतं माप द्यायचं, हे कागदावर उतरत नाही. ते गुरूकडून शिष्याकडे जातं, आणि त्या अर्थानं तिथेही घराणी आहेत. बेटहोव्हेननं चेर्नीला शिकवलं, चेर्नीनं लिस्टला, लिस्टनं मार्टिन क्राउझला आणि क्राउझनं चिलीहून बर्लिनला आलेल्या क्लाउडिओ आराऊ या पोराला. आराऊ १९९१ पर्यंत हयात होता.

हा साठा अफाट आहे. एकट्या बाखची प्रील्यूड-फ्यूगच्या ४८ जोड्यांची दोन पुस्तकं, बेटहोव्हेनच्या ३२ सोनाटा, मग शूबर्ट, शुमान, शोपँ, लिस्ट, ब्राम्स, डेब्युसी, राव्हेल. बेटहोव्हेनची ओपस १०६ ही एकच सोनाटा पाऊण तासाच्या घरात जाते. राव्हेलनं १९०८ मध्ये ‘गास्पार द ला न्वी’ लिहिताना बालाकिरेव्हच्या ‘इस्लामे’पेक्षा अवघड काहीतरी करायचं असं ठरवूनच शेवटचा भाग लिहिला. एका आयुष्यात सगळं वाजवणं शक्य नाही, त्यामुळे काय सोडायचं हेही वादकाचं व्यक्तिमत्त्व ठरवतं. स्व्यातोस्लाव्ह रिश्टर जे हाती येईल ते वाजवायचा. इटलीचा मिकेलांजेली मोजक्याच रचना घेऊन जन्मभर त्याच घासत राहिला. मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त पटतो. किराणा घराण्याच्या माणसांनी रागांची संख्या कधी मोजली होती?

आणि हे सगळं पाठ. लिस्ट आणि क्लारा शुमान यांच्यापासून कागद न ठेवता वाजवण्याची रीत पडली आणि आज ती जवळजवळ सक्तीची झाली आहे. बोटांची स्मृती एकटी पुरत नाही. एक बोट घसरलं की ती गाडी रुळावरून उतरते. म्हणून रचनेची बांधणी डोक्यात लागते, म्हणजे मधूनच कुठूनही सुरू करता येतं. पोर्तुगालच्या मारिया झ्वाँव पिरेस ॲमस्टरडॅमला दुपारच्या एका कार्यक्रमात बसल्या होत्या. ऑर्केस्ट्रानं मोट्सार्टचा डी मायनर कन्चेर्तो सुरू केला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण मोट्सार्टचा भलताच कन्चेर्तो तयार करून आलोय. त्या रचनेत पियानो यायच्या आधी दोनेक मिनिटं नुसता ऑर्केस्ट्रा असतो. तेवढ्यात ऑर्केस्ट्राचे संचालक रिकार्दो शायी यांच्याशी वाजता वाजताच दोन शब्द झाले, आणि त्यांनी पूर्ण कन्चेर्तो आठवणीतून वाजवला. याचं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. उलट बाजूला रिश्टर. उतारवयात त्यानं सरळ कागद समोर ठेवला, सभागृहात अंधार केला आणि एका छोट्या दिव्याच्या उजेडात वाजवू लागला.

या पेशात शिरायचं दार म्हणजे बहुतेक वेळा स्पर्धा. वॉर्सातली शोपँ स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली आणि साधारण दर पाच वर्षांनी होते. १९६० मध्ये ती जिंकली तेव्हा मौरित्सिओ पोलिनी १८ वर्षांचा होता, आणि जिंकल्यावर तो मैफिलींमागे धावला नाही, बराच काळ पुन्हा अभ्यासाला बसला. १९८० ची स्पर्धा वादामुळे गाजली. युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीआधीच बाद झाला, म्हणून पियानोवादक मार्टा आर्गेरिच परीक्षक मंडळातून निघून गेल्या. बाद झालेला पोगोरेलिच रातोरात प्रसिद्ध झाला. त्या गोंधळात अनेकांचं लक्ष गेलं नाही, पण त्या वर्षीचा विजेता होता व्हिएतनामचा डांग थाई सॉन, ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. युद्धकाळात हनोईची संगीतशाळा खेड्यात हलवली होती, त्या दिवसांत तो शिकला. २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ हा त्याचाच शिष्य.

स्पर्धेनंतरचं आयुष्य वाटतं तितकं झगमगीत नसतं. आज एक गाव, परवा दुसरं, हॉटेलं, आणि रंगमंचावर एकटेपणा. व्हायोलिनवाला आपलं वाद्य पाठीवर टाकून फिरतो. पियानोवादकाला त्या त्या सभागृहातला पियानो घ्यावा लागतो आणि दुपारच्या दोन-तीन तासांत त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. मोठा कॉन्सर्ट ग्रँड पावणेतीन मीटर लांब, वजन पाचशे किलोच्या आसपास. तरी होरोविट्स आपलाच पियानो सोबत नेई, क्रिस्टियान झिमरमाननंही ते केलंय. बाकीच्यांना मिळेल त्यात भागवावं लागतं. लिस्टनं ऐन प्रसिद्धीत, १८४७ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी दौरे थांबवले. गूल्डनं १९६४ नंतर श्रोत्यांसमोर वाजवणंच सोडलं. आर्गेरिच एकटीच्या मैफिली टाळून सहकाऱ्यांबरोबर वाजवू लागल्या. होरोविट्स तर बारा वर्षं मंचावर आला नाही. आणि ८२ व्या वर्षी, १९८६ मध्ये मॉस्कोला परतला तेव्हा ठरलेला कार्यक्रम झाल्यावर त्यानं वाजवलं काय, तर शुमानचं ‘ट्रॉयमेराय’. दोन-तीन मिनिटांची रचना, मुलं शिकतात अशी.

नागपुरात मोठी पियानो मैफल ऐकायची तर संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरून मुंबई गाठणं आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात बसणं हा सरधोपट मार्ग. घरात खरा पियानो ठेवायचा तर आपल्या हवेचा विचार आधी करा. पियानोचा ध्वनिफलक लाकडाचा असतो, तारांचा एकूण ताण अनेक टनांचा, आणि तो पेलणाऱ्या खुंट्या लाकडातच रुतलेल्या. मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, जुलै-ऑगस्टच्या सकाळी ८० च्या वर जाते. कोरड्या हवेत फलक आकसतो आणि सूर उतरतो, पावसाळ्यात फुगतो आणि सूर चढतो. त्यात आपला डेझर्ट कूलर ऐन उन्हाळ्यात खोलीत ओलावा ओततो. कूलरच्या झोतात पियानो ठेवू नये, बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि वर्षातून निदान दोनदा, ऋतू बदलून हवा स्थिरावली की, सूर लावून घ्यावेत.

बहुतेक घरांत मात्र मुलाला ग्रेडच्या परीक्षेसाठी इलेक्ट्रॉनिक वाद्य घेतलं जातं, आणि सीताबर्डीच्या दुकानात शंभर तालांची बटणं दाखवून ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड गळ्यात मारला जातो. लग्नाच्या ऑर्केस्ट्राला तो उत्तम. पियानो शिकायला ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो लागतो. दुकानात त्याची परीक्षा अशी करा : एकच पट्टी आधी अगदी सावकाश दाबा, इतकी सावकाश की खऱ्या पियानोचा हातोडा तारेपर्यंत पोचणार नाही. आवाज यायला नको, किंवा नुसता पुसट यावा. मग तीच पट्टी थोडा थोडा वेग वाढवत पाच-सहा वेळा वाजवा. प्रत्येक वेळी आवाज वेगळा आला आणि पट्टी आपली आपण बोटाला वर ढकलत परत आली, तर बोलणी पुढे न्या. सगळे सूर सारखेच वाजले, तर विक्रेता किंमत कितीही उतरवो, पुढचं दुकान बघा.